गाडीचं पासिंग, फिटनेस, पीयूसी: सोलापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

खाली जे लिहिलंय ते पांढऱ्या पाटीची म्हणजे घरची कार धरून लिहिलंय. टॅक्सी, टेम्पो, स्कूल बस यांचं गणित वेगळं, त्याचा एक प्रश्न मध्ये घेतलाय. फी आणि दंडाचे आकडे सरकार बदलत असतं, त्यामुळे पैसे भरायच्या आधी परिवहनच्या साईटवर एकदा बघाच.

घरच्या कारला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं का?

नाही. नवी कार घेतली की रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं मिळतं आणि त्या १५ वर्षांत आरटीओ तुमची गाडी एकदाही तपासायला बोलवत नाही. १५ पूर्ण झाली की गाडी दाखवायची, पास झाली की ५ वर्षं वाढवून मिळतात, मग परत ५. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात कलम ४१ मध्ये हे आहे.

आता गंमत अशी की १५ वर्षं कोणी बघत नाही म्हणजे गाडी १५ वर्षं ठणठणीत आहे असा लोकांचा समज होतो. ब्रेक पॅड घासलेले, टायर गुळगुळीत, एक हेडलाइट आकाशात आणि एक रस्त्यावर, पण कागद सगळे ओके. म्हणून दरवर्षीची तपासणी कायद्याने नसली तरी आपली आपण करायची, ती कशी ते पुढे लिहिलंय आणि माझ्या मते या पानावरचं सगळ्यात कामाचं तेच आहे.

"पीयूसी आहे ना बे, मग अजून काय पाहिजे?"

पीयूसी फक्त धूर बघतं. ब्रेक, स्टेअरिंग, टायर, लाइट यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ब्रेक न लागणाऱ्या गाडीलासुद्धा पीयूसी मिळतं आणि त्यात पीयूसीवाल्याची काही चूक नाही, त्याचं मशीन सायलेन्सरमध्ये जातं, चाकापर्यंत जात नाही.

नव्या गाडीला पहिलं एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस ४ आणि बीएस ६ गाड्यांना (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीने किती धूर सोडायचा त्याच्या सरकारी नियमांचे टप्पे) वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी.

माझी गाडी २०१२ ची आहे, पीयूसी सहा महिन्याचं का वर्षाचं?

सोलापूरकरांना हे माहीत पाहिजे. बीएस ४ सगळ्या देशात १ एप्रिल २०१७ ला आलं, पण २०१० मध्ये पहिल्यांदा ज्या १३ शहरांत लागू झालं त्यात दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूरु यांच्या पंगतीत आपलं सोलापूरपण होतं. त्यामुळे २०१२ ला शहरात नवी घेतलेली कार बीएस ४ असायची शक्यता चांगली आणि त्याच वर्षी बाहेरगावी पासिंग झालेली तीच कंपनी तेच मॉडेल बीएस ३ असू शकतं. वर्षावरून अंदाज करत बसू नका, एम-परिवहन ॲपवर गाडी नंबर टाका, एमिशन नॉर्म म्हणून ओळ असते तिथे लिहिलेलं असतं.

पीयूसी मशीनवर किती आकडा आला म्हणजे पास?

पेट्रोलच्या बीएस ४ कारला आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम यापेक्षा जास्त नको. डिझेलला धुराचा काळेपणा मोजतात, जुन्या डिझेलला २.४५ आणि बीएस ४ ला १.६२ ही हद्द. सर्टिफिकेटवर हे आकडे छापलेले असतात पण कोणी वाचत नाही, सरळ घडी घालून डॅशबोर्डमध्ये. वाचत जा. मागच्या वर्षी ०.०५ होतं आणि यंदा ०.२५ आलंय म्हणजे गाडी पास झाली खरी पण आत काहीतरी बिघडायला लागलंय.

गाडी पीयूसीला फेल झाली, आता?

नापास झाली तर रिजेक्शन स्लिप मिळायला पाहिजे, २०२१ पासून तसा नियम आहे, ती घ्या आणि मेस्त्रीला दाखवा, कारण त्यात कुठला आकडा जास्त आला ते लिहिलेलं असतं. तेवढ्यावरून चांगला मेस्त्री निम्मं निदान करतो. सोलापुरात पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यायचा, इथल्या धुळीत कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच तो चोंदतो. मग प्लग, मग ऑक्सिजन सेन्सर, डिझेलला इंजेक्टर आणि ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह.

अजून एक, गाडी गार असताना पीयूसीला नेऊ नका. घरातून काढली आणि कोपऱ्यावरच्या सेंटरला लावली तर चांगल्या गाडीचा आकडापण जास्त येऊ शकतो. आधी हायवेला जरा लांब चक्कर मारून या, इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही तापले पाहिजेत.

फोटो पाठवला की घरबसल्या पीयूसी मिळतं म्हणे?

असं देणारे सापडतातही, पण गाडी न तपासता काढलेलं सर्टिफिकेट म्हणजे पैसे देऊन घेतलेला बिनकामाचा कागद. माहिती सगळी सरकारच्या 'वाहन' नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवर चढते आणि कुठल्या सेंटरने कधी कुठल्या गाडीचं काढलं ते दिसतं. विनापीयूसीला कायद्यात दंड १०,००० पर्यंत आहे, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. चार पैशाच्या आळसासाठी हे कशाला.

पिवळ्या पाटीचं काय?

त्यांना मात्र फिटनेस लागतंच, कलम ५६. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, मग गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि ८ नंतर दरवर्षी. २०१८ च्या शेवटी हा बदल झाला, त्याआधी दोन वर्षांनंतर दरवर्षीच होतं, म्हणून जुने ड्रायव्हर अजून "दरवर्षी पासिंग" असंच म्हणतात. मुदत संपल्यावर दिवसाला ५० रुपये जादा फी लागते, गाडी दोन महिने गॅरेजला पडून राहिली की तो आकडा बघून मालक डोक्याला हात लावतो.

तिथे ब्रेक टेस्ट खरी असते, मोकळा लांब ट्रॅक लागतो. आता हळूहळू ऑटोमॅटिक टेस्टिंग स्टेशन येतायत, म्हणजे रोलरवर चाकं चढवून ब्रेक, साइड स्लिप, सस्पेन्शन, हेडलाइटची दिशा, धूर हे सगळं मशीनच मोजणार आणि आकडा थेट सिस्टीमला जाणार. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्याचे नियम आले. मला विचाराल तर हे चांगलंच आहे, माणसाच्या नजरेवर आणि मूडवर गाडी पास-नापास ठरायला नको.

एम-परिवहनवर माझ्या घरच्या कारला "फिटनेस व्हॅलिड अपटू" दाखवतंय, ते काय?

घाबरू नका. घरच्या गाडीला फिटनेसची आणि रजिस्ट्रेशनची तारीख एकच असते, १५ वर्षांचीच. ती उलटली असेल तर मात्र पुढचं नीट वाचा.

१५ वर्षं भरत आली, काय काय करायचं?

मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. परिवहनच्या साईटवर जाऊन रिन्यूअल ऑफ रजिस्ट्रेशन निवडायचं, फॉर्म २५ असतो, फी भरायची, स्लॉट घ्यायचा आणि त्या दिवशी गाडी घेऊन आरटीओला. सोबत आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, आधार, पॅन आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. पेन्सिल प्रिंट घरीच काढून ठेवा, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल फिरवायची, पण बऱ्याच गाड्यांत तो नंबर अशा कोपऱ्यात असतो की ऐन उन्हात आरटीओच्या आवारात शोधत बसायला नको वाटतं.

लोनची नोंद आरसीवर तशीच राहिलीय का बघा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली पण बँकेचं नाव काढलंच नाही असं सर्रास असतं, आणि ते अशा वेळीच आडवं येतं. ई-चलन बाकी असतील तीपण आधी मिटवा. नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी लावून घ्या, त्याशिवाय आरटीओत काम अडतं.

फी कारला ५,०००, हे १ एप्रिल २०२२ पासून. २० वर्षांपेक्षा जुनी असेल तर ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. बाहेर देशातून आणलेली कार असेल तर ४०,००० पासून पुढे, पण तसली गाडी असणारा माणूस हे पान वाचत नसणार. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात.

साहेब गाडीत नक्की काय बघतात?

आधी गाडी तीच आहे का ते, म्हणजे चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग. गाडीचा रंग बदललाय पण आरसीवर जुनाच आहे, तिथेच गाडी थांबते. गॅस किट लावलंय पण आरसीवर नोंद नाही, तेच. असे बदल आधी आरसीवर चढवून घ्यावे लागतात.

मग लाइट, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स लाइट, हॉर्न, वायपर, आरसे, सीट बेल्ट. यातलं एक तरी बंद असतंच आणि बहुतेक वेळा तो वीस-तीस रुपयांचा बल्ब असतो, ज्याच्यासाठी पूर्ण दिवस वाया जातो. आदल्या रात्री घरातल्या कोणालातरी गाडीच्या मागे उभं करून सगळे लाइट तपासा, पाच मिनिटांचं काम.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, पट्टी लावून मोजायची गरज नाही. स्टेअरिंगला प्ले म्हणजे चाक न वळता स्टेअरिंग मोकळं फिरतं ते, नियमात ३० अंशांची हद्द आहे पण खरं सांगायचं तर तेवढा प्ले असलेली गाडी हायवेला काढूच नये.

काचेवर काळी फिल्म काढून टाका. काचेतून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे आणि २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून फिल्मवरून पकडापकडी चालूच आहे. सोलापूरच्या मे महिन्यात हे ऐकायला कोणालाच आवडत नाही हे मान्य. पुढचा लोखंडी बंपर गार्ड, प्रेशर हॉर्न, डोळे दिपवणारे एक्स्ट्रा एलईडी, हे पण घरी काढूनच जा.

नापास केली तर गाडी जप्त होते का?

नाही हो. काय दुरुस्त करायचं ते सांगतात, करून परत दाखवायची. पाण्याने धुतलेली, ऑइल न गळणारी गाडी नेली तर निम्मं टेन्शन तिथेच कमी होतं, चिखलाने माखलेल्या गाडीखाली कोण वाकून बघणार.

तारीख उलटून गेली, आता काय?

कारला उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. पण पैसे हा छोटा भाग आहे. रजिस्ट्रेशन संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्यांदा २,००० ते ५,००० दंड, दुसऱ्यांदा ५,००० ते १०,०००. आणि त्याहून मोठं म्हणजे इन्शुरन्स. रजिस्ट्रेशनच नसलेल्या गाडीचा क्लेम कंपनी नाकारू शकते, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका केसमध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिलाय. म्हणजे हप्ता भरला, पॉलिसी चालू आहे, तरी अपघातात गाडीचे पैसे बुडू शकतात. तारीख गेली असेल तर गाडी घरासमोर उभी करा आणि आधी अर्ज करा, "तुळजापूरला तर जाऊन येतो, कोण धरतंय" हे नको.

पीयूसी नसलं तर इन्शुरन्स रिन्यू होत नाही का?

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तशी अट घातली होती, २०२४ च्या जुलैमध्ये ती काढली. पण याचा अर्थ पीयूसी नको असा नाही, रस्त्यावर दंड आहेच.

१० वर्षांची डिझेल भंगारात काढावी लागते असं मेसेज फिरतोय.

तो दिल्ली-एनसीआरचा विषय आहे. सोलापुरात १५ वर्षांची, २० वर्षांची गाडीपण पास झाली तर चालते. १५ वर्षांवर रजिस्ट्रेशन वाढवून न देण्याचा नियम सरकारी गाड्यांना आहे, १ एप्रिल २०२३ पासून, तो वाचून कोणीतरी सगळ्यांना लावून टाकला.

गाडी केए पासिंगची आहे, विजापूरहून घेतली. सोलापुरात पासिंग होईल का?

आपल्याकडे अक्कलकोट, मंद्रूप पट्ट्यात निम्म्या घरात कर्नाटकची सोयरीक आणि गाडीपण तिकडची, त्यामुळे हा प्रश्न कायम येतो. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवीन नंबर घ्यावाच लागतो. आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, मग इथे टॅक्स भरायचा, मग एमएच १३. तिकडे भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी तिकडेच अर्ज करायचा आणि धीर धरायचा. १५ वर्षं संपायला दोन-तीन महिने राहिलेत अशी केए गाडी स्वस्तात मिळाली म्हणून उडी मारू नका, एनओसी, टॅक्स आणि रिन्यूअल तिन्ही एकदम गळ्यात पडतं.

सीएनजी गाडीला वेगळं काही?

हो, सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे आत पाण्याचा दाब देऊन तपासणी, दर तीन वर्षांनी. सिलिंडरवरच्या प्लेटवर तारीख असते. हा कागदाचा सोपस्कार नाहीये, त्या टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो आणि ती तुमच्या पोराबाळांच्या सीटच्या मागे असते. टेस्ट चुकवू नका, बाकी सगळं एक वेळ चालेल.

एजंट लावावा का?

ज्याला मोबाईलवर रेल्वेचं तिकीट काढता येतं त्याला हा अर्ज भरता येतो. एजंट अर्ज भरून देतो, रांगेत उभा राहतो, त्याचे पैसे घेतो, त्यात काही गैर नाही, सगळ्यांना वेळ नसतो. पण सरकारी पावती वेगळी मागा आणि आपला मोबाईल नंबरच अर्जात टाकायला लावा, नाहीतर ओटीपी आणि मेसेज सगळे एजंटकडे जातात आणि पुढच्या प्रत्येक कामाला त्याच्याच मागे फिरावं लागतं. "गाडी न दाखवता करून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

मग दरवर्षी घरची तपासणी कधी आणि कशी करायची?

मी म्हणेन फेब्रुवारी संपता संपता, उन्हाळा लागायच्या आधी. सोलापूरचं ऊन ४२-४३ ला जातं आणि ते सगळ्यात आधी रबर खातं. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसतात का बघा, नक्षी चांगली असली तरी चिरा पडलेला टायर समृद्धीवर किंवा पुणे रोडला वेगात फुटतो. गाडी कमी चालते म्हणून टायर नवा आहे असं नसतं. टायरवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं झाली की दरवर्षी टायरवाल्याला दाखवा. स्टेपनीपण बघा, ती बिचारी कोणाला आठवतच नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायची सवय सोडा. आपल्याकडच्या जड पाण्याने आत क्षार बसतात, भांड्याला बसतात तसेच, आणि मग मे महिन्यात गाडी गरम होऊन घाटात उभी राहते. कूलंटच घाला. बॅटरीपण उन्हात जाते, थंडीत नाही, तीन वर्षांवर असेल तर तपासून घ्या.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि हे सोलापुरातले दहातले नऊ जण करत नाहीत असा माझा अंदाज आहे, कारण ते कमी होत नाही, फक्त खराब होतं, त्यामुळे डोळ्याला दिसत नाही. ब्रेक पॅड मेस्त्रीला चाक काढून दाखवायला सांगा, "आहेत अजून" एवढ्यावर समाधान मानू नका. हँडब्रेक चढावर लावून बघा.

दुसरी चक्कर दिवाळीच्या आसपास, ऊस सुरू व्हायच्या आधी, फक्त लाइट आणि काचेसाठी. गाळप सुरू झालं की रात्री रस्त्यावर विना रिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या असतात, पंढरपूर रोड घ्या नाहीतर मंगळवेढ्याकडचा, आणि पिवळ्या पडलेल्या हेडलाइटमधून त्या जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. हेडलाइटची काच पॉलिश करून मिळते, लाइटची उंची सेट करून मिळते, समोरची काच आतून पुसा. वायपरचं रबर पाऊस लागायच्या आधी बदला, उन्हाळ्यात ते वाळून लाकूड झालेलं असतं.

बाहेर देशात दरवर्षी टेस्ट असते ना?

इंग्लंडमध्ये असते, एमओटी म्हणतात, गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी. तिथे ती खाजगी गॅरेजमध्ये होते आणि टायर, ब्रेक, गंज, धूर सगळं बघतात. जर्मनीत साधारण दोन वर्षांनी. आपल्याकडे घरच्या गाडीला तसं आणायचं तर आधी तेवढी टेस्टिंग सेंटर पाहिजेत.

जुनी गाडी घेताना काय बघू?

रजिस्ट्रेशन कधीपर्यंत आहे, ते पहिलं. १३-१४ वर्षांची गाडी दीड लाखाला स्वस्त वाटते पण दोन वर्षांत रिन्यूअल, ग्रीन टॅक्स, टायर आणि पेंट धरून हिशोब करा. मालक म्हणतो "परवाच पासिंग केलंय" तर आरसीवर तारीख बघा, तोंडावर विश्वास नको. आणि नाव लगेच बदलून घ्या.

गाडी काढूनच टाकायची असेल तर?

नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरलाच द्या आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या. नव्या गाडीला रजिस्ट्रेशन फी माफ होते आणि टॅक्समध्ये सवलत मिळू शकते, केंद्राच्या नियमात घरच्या गाडीला २५ टक्क्यांपर्यंत हद्द आहे, राज्य त्यात किती देतं ते त्या वेळी विचारा. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर दोन हजार जास्त मिळतील, पण आरसी तुमच्याच नावावर चालू राहते आणि ती चेसिस प्लेट उद्या कुठल्या गाडीला लागेल सांगता येत नाही.

इलेक्ट्रिक कारला यातलं काय लागतं?

पीयूसी लागत नाही, धूरच नाही तर मोजणार काय. रिन्यूअलची फी माफ आहे. १५ वर्षांची मुदत आणि गाडी दाखवणं मात्र सुटत नाही. टायर, ब्रेक, लाइटचं वर लिहिलेलं सगळं तसंच, उलट या गाड्या जड असल्यामुळे टायर लवकर झिजतात, तेवढं लक्ष ठेवा.